आजचा माणूस

दानप्पाला उपदेश करता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं, मोठा वक्ता असेल, शब्दांनी माणसं हलवत असेल. छे, कसलं काय. रविवारी उपासनेला उभा राहिला की पहिली दोन वाक्यं बरी जायची. मग तो थांबायचा, माळवदाकडे बघायचा, कान खाजवायचा आणि म्हणायचा, "सांगायचं लई व्हतं, पर आता आठवना. चला, गाणं म्हणू." समोर आम्ही बोटावर मोजण्याएवढी माणसं. त्यातही त्याची बायको सुंदराक्का पदराआड हसायची. आणि हा बाबा मिशनचा पगारी उपदेशक होता.

गाव बिदरच्या पलीकडचं, कमठाण्याहून आणखी पुढं. राज्य निजामाचं. मी तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तरीण म्हणून गेले तेव्हा नुकती विशीत होते आणि माझ्याइतकं शहाणं जगात कुणी नाही अशी माझी समजूत होती. शाळेची खोली आणि दानप्पाचं घर यांच्यात एकच भिंत, तीही मातीची. तिकडचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा, आणि ऐकायची मला आवडही होती. खोटं कशाला बोलू?

उंच, हाडकुळा, एक खांदा जरा खाली उतरलेला. कान एवढे मोठे की पटका बांधला तरी बाहेर यायचे. मिशनच्या अनाथालयात त्याचं नाव दानिएल ठेवलं होतं, गावानं त्याचा दानप्पा केला. अनाथालयात तो आला तो मानमोडीच्या साथीनंतर. त्या तापानं मांगवाड्यातलं त्याचं अख्खं घर नेलं. आई, बाप, भावंडं, आजा. मेलेल्यांच्या मधोमध हा एकटा श्वास घेत पडलेला सापडला. तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला होता. सगळे गेले, मग मला एकट्याला कामून ठेवलं?

अनाथालयात त्याला सांगितलं की प्रत्येकाला प्रभूचं पाचारण असतं, देव हाक मारतो, काम नेमून देतो. झालं. दानप्पानं ते धरून ठेवलं. एवढ्या मोठ्या मरणातून वाचवलं म्हणजे कामही तेवढंच मोठं असणार, हजारो लोकांपुढं उभं राहून बोलायचं असणार, असं त्याला वाटलं. म्हणून तो उपदेशक झाला. आणि पहिल्याच दिवशी उभा राहून काय बोलायचं ते विसरला.

सुंदराक्का सांगायची, लग्नानंतरची काही वर्षं तो रोज पहाटे रडायचा. "भितीकडं तोंड करून बसायचा आन् देवाला इचारायचा, मला कामून ठेवलंस, सांग की. देव काय बोलतंय? मी म्हणलं, आवो, त्येला बी दुसरी कामं असतील." पण एका पहाटे तो रडता रडता वैतागला. अगदी एखाद्या गड्यानं मालकाशी भांडावं तसा म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे. जल्माचं सांगू नको. आजचं तरी सांग." एवढं बोलून त्यानं कडी काढली. दारात एक म्हातारी उभी होती. तिची शेळी हरवली होती.

दानप्पा तिच्याबरोबर गेला, दिवसभर शेळी शोधली, तिन्हीसांजेला हुडकून आणली. घरी आला तो हसत. सुंदराक्काला म्हणाला, "आजचं कळलं."

त्या दिवसापासून त्याचा नेम पडला. फटफटायच्या आधी भिंतीकडे तोंड करून तोच प्रश्न: मला कामून ठेवलंस? मग तीच माघार: जल्माचं नगं, आजचं सांग. मग कडी काढायची, ओट्यावर बसायचं, आणि जो पहिला येईल तो 'आजचा माणूस'. तो दिवस त्याचा. त्यानं मागावं, यानं करावं. कुणाचं तहसिलीतलं उर्दू कागदपत्र वाचून द्यायचं, कुणाच्या खुरकुतातल्या बैलाच्या खुरांना धुरी द्यायची, कुणाला नुसतं बोलायचं असायचं. गुरप्पा म्हणून एक भ्रमिष्ट होता, त्याची भावकीनं बळकावलेली जमीन तो रोज हवेत मोजायचा. तो एकदा पहिला आला. दानप्पा दिवसभर त्याच्याबरोबर रिकाम्या माळावर मोजणीची साखळी धरल्यागत हात लांब करून चालत होता. मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटलं, आता वेडे दोन झाले.

गावाला हे कळल्यावर गाव गप्प बसतंय होय? कुणी रात्रीच ओट्यावर घोंगडं टाकून झोपायला लागलं. दोन जावा एकदा तिथंच एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या. दानप्पा कडी काढून बाहेर आला, दोघींकडे बघून म्हणाला, "दोघी संगंच आलाव नव्हं? मग दोघींचं मिळून एकच काम सांगा." त्या दुपारपर्यंत ओट्यावर बसून भांडल्या, मग थकून एकत्र घरी गेल्या. दानप्पा म्हणाला, त्यांचं काम झालं.

पाटलांनीही डोकं चालवलं. पाटील लिंगायत, मोठी शेती, तुरीची रास करायचे दिवस. त्यांनी आपला सालगडी मल्लू याला पहाटेच धाडला. मल्लू म्हणाला, "पाटलांनी बोलावलंय. तुरी बडवायला माणूस कमी पडायलाय."

दानप्पानं त्याला ओट्यावर बसवलं. "पाटील आलेत का?"

"न्हाई. मी आलोय."

"मग आजचा माणूस तू. तुला काय पायजे?"

मल्लूला प्रश्नच कळला नाही. दानप्पानं पुन्हा विचारलं. मल्लू खाली बघत बसला. त्याला काय पाहिजे हे त्याला कुणी कधी विचारलेलं नसावं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "माय आजारी हाय. दोन कोसावर. पाटील सोडंनात."

दानप्पानं त्याला तिथूनच आईकडे लावून दिला आणि स्वतः पाटलांच्या खळ्यावर जाऊन उभा राहिला. "मल्लूच्या जागी आलोय," म्हणाला. मल्लूच्या वाटचं शेण काढलं, मल्लूच्या वाटच्या तुरी बडवल्या, मल्लू बसतो तिथं, गोठ्याच्या कडेला बसून भाकर खाल्ली. पाटलांना माणूस मिळाला होता, मग ते बोलणार काय? मिशीला पीळ देत नुसते बघत राहिले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा या माणसाची भीती वाटली. वाईट भीती नव्हे. देवळात शिरताना पायातलं काढून ठेवावंसं वाटतं, तसलं काहीतरी.

सुंदराक्काचं सांगते. तिचं माळवद दोन पावसाळे गळत होतं. मिरगाच्या आत वर पांढरी माती टाकून चोपायला हवी होती, पण हा रोज कुणाच्या ना कुणाच्या कामाला. ती बोलून बोलून थकली. मग एक दिवस पहाटे, हा भिंतीकडे तोंड करून बसलेला असताना, ती मागच्या दारानं बाहेर पडली, घराला वळसा घालून पुढं आली आणि कडी वाजवली. दानप्पानं दार उघडलं तर बायको पदर खोचून उभी.

"कोण पायजे?" हा म्हणतोय.

"दानप्पा पाद्री हितंच ऱ्हातात का? माझा दाल्ला लोकांची कामं करत हिंडतोय. माळवद गळायलंय माझं."

मी भिंतीपलीकडे तोंडात पदर कोंबून हसत होते. पण दानप्पा हसला नाही. म्हणाला, "आत या अक्का, बसा. पाणी प्या." आणि दिवसभर गाढवावरून पांढरी माती वाहून आणली, माळवदावर टाकली, चोपली. संध्याकाळी खाली उतरला तेव्हा डोळे भरलेले होते. सुंदराक्काला म्हणाला, "तुला बी बाहीरनं यावं लागलं. चुकलंच माझं." ती नंतर मला म्हणाली, "बाई, मी गंमत केली व्हती. त्येनं खरं धरलं."

मिशनचे साहेब वर्षातून एकदा तपासणीला यायचे. गोरे, सभ्य, आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारे. दानप्पाच्या गावात कित्येक वर्षांत एकाचाही बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून या खेपेला ते जरा रागातच आले. रविवारची उपासना, शाळा झाडूनपुसून तयार, आणि दानप्पाचा पत्ता नाही. पहाटे एक धनगरीण आली होती. तिचा नवरा माळावर मेंढरांच्या वाडग्याजवळ तापानं फणफणत पडला होता. दानप्पा त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागला होता.

तो परत आला तेव्हा साहेब ओट्यावर बसले होते. "दानिएल, तुमचे काम सुवार्ता सांगणे आहे."

"व्हय, साहेब."

"मग उपासना सोडून तुम्ही का गेलात?"

"ती तुमच्या आधी आली व्हती, साहेब."

 साहेब माणूस वाईट नव्हते, पण वर कुणाला तरी जाब त्यांनाही द्यायचा असणार. दानप्पाचं उपदेशकपण त्या दिवशी गेलं. घर तेवढं राहू दिलं, कारण त्या गावात दुसरा कुणी यायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे काहीच ऐकू आलं नाही. कडी निघाली नाही. लोक ओट्यावर आले, ताटकळले, गेले. शाळा सुटल्यावर दानप्पा माझ्या दाराशी आला आणि चौकटीला टेकून म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या. उपदेशक न्हाई तर मग मी कोण? देवानं मला ह्याच्यासाठीच ठेवलं आसंल असं मी धरून चाललो व्हतो. आता कशाला ठेवलंय?" इतकी वर्षं भिंतीआडून ऐकलेला प्रश्न पहिल्यांदाच माझ्या तोंडावर आला.  मी म्हणाले, चहा टाकते. तो नको म्हणाला आणि गेला.

पण तिसऱ्या पहाटे तोच आवाज आला. मला कामून ठेवलंस? जल्माचं नगं, आजचं सांग. कडी निघाली. पगार नव्हता, हुद्दा नव्हता, आणि सांगायला कारणही उरलं नव्हतं. तरी दार उघडलं. दोघं नवराबायको शेतात मजुरीला जायची, आणि आजच्या माणसाचं काम मोठं असलं तर सुंदराक्का एकटीच जायची. मी थक्क होऊन बघत राहायचे. माझी प्रार्थना पगार वेळेवर यावा इथपर्यंतच पोचायची.

मग ती वाईट वर्षं आली. रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या, पोरं सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला पळायला लागली. पाटलांचा थोरला, संगप्पा, त्यातलाच. एका उन्हाळ्यात तो चोरून आईला भेटायला आला आणि सापडला. मारून माळावरच्या कोरड्या विहिरीत टाकला आणि वरून दगड लोटले. विहिरीकडे कुणी फिरकायचं नाही अशी ताकीद. पाटलांनी त्या दिवशी अंथरूण धरलं.

संगप्पा कुठं लपलाय ते दाखवलं होतं गावच्याच बशीरनं. त्यानं स्वतः कुणाला मारलं नव्हतं, पण टोळीबरोबर बंदूक घेऊन हिंडायचा. बाकी आमच्या गावातले मुसलमान गरीब बिचारे, तेलाच्या घाण्याचे आणि कापूस पिंजणारे, आमच्याइतकेच भेदरलेले. बशीरचं तेवढं डोकं फिरलं होतं. दानप्पाचं दार येईल त्याला, पळून जाणाऱ्या पोरांनाही, उघडं असतं म्हणून त्यानं एकदा दानप्पाला चावडीपुढं उन्हात उभं केलं आणि सुंदराक्काच्या देखत थोबाडीत मारली.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि चार दिवसांत सगळं उलटं झालं. आता टोळकी दुसऱ्यांची होती. शिवराज, संगप्पाचा धाकटा भाऊ, कुऱ्हाड घेऊन माणसं जमवत होता. बशीरला शोधत घर न् घर पालथं घालणं चाललं होतं.

त्या पहाटे दानप्पाचा प्रश्न विचारून झाला होता आणि कडी वाजली. मी भिंतीला कान लावला. सुंदराक्का उठली, फटीतून बघितलं, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली असावी, कारण तिचा आवाज अगदी दबका आला. "उघडू नका. त्यो आलाय."

"कोण?"

"बशीर."



"दुसरं कुणी येऊ द्या आधी," ती म्हणाली. "त्या हातानं मारलंय तुमाला."

"व्हय. त्योच हात कडी वाजवायलाय." मग दानप्पा खाली बसल्याचा आवाज आला. "सुंदरा, मला बी नगं वाटायलंय. लई नगं वाटायलंय. पर माझ्या आवडीचा माणूस धाड म्हणून मी कवा मागितलं न्हाई."

तो बसूनच राहिला असावा. कडी काढली ती सुंदराक्कानं. तिच्या बांगड्यांचा आवाज मी ओळखते.

बशीरनं दारातच पाय धरले. "दानप्पा, मला लष्करापातूर जित्ता पोचीव. फौज जो करती सो करने दे. ह्या लोकांच्या हातात नको."

उजाडल्यावर दोघं निघाले. लपतछपत नाही, सरळ गावातून, वेशीच्या वाटेनं. दानप्पानं त्याचा दंड धरला होता. मी आणि सुंदराक्का मागं. मी का चालले होते ते मला आजही सांगता येत नाही. वेशीत शिवराज उभा होता. त्याच्यामागं अख्खा गाव. विळे, काठ्या, कुऱ्हाडी.

"बाजूला सर, दानप्पा. त्यानं माझा भाऊ दावून दिला."

"व्हय. ठावं हाय मला. लष्कराला मी ते सांगणार हाय, ह्येच्या तोंडावर."

"मग सोड त्येला."

"आजचा दिस ह्येचा हाय, शिवराज. त्यो पयला आला. उद्या तू पयला ये. जे सांगशील ते करीन."

कुठून तरी दगड आला आणि दानप्पाच्या कपाळाला लागला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि कुणी मारला म्हणून बघितलंसुद्धा नाही. मी त्या गर्दीतल्या तोंडांकडे बघत होते. शेळीवाल्या म्हातारीचा मुलगा होता. झिंज्या उपटणाऱ्या जावांचे नवरे होते. मल्लू होता. एकही असा नव्हता की ज्याच्या घरातलं कुणी ना कुणी त्या ओट्यावर पहिलं येऊन बसलेलं नव्हतं. आज बशीरचा दिवस काढून घेतला तर आपल्याला मिळालेला दिवसही खरा नव्हता, हे त्यांना कळलं की काय, देव जाणे. शिवराजनं कुऱ्हाड टाकली नाही, पण तो वाटेतून सरला. दोघं वेशीतून बाहेर पडले. सुंदराक्का माझा हात धरून उभी होती. ती प्रार्थना करत होती की शिव्या देत होती, मला कळलं नाही.

दानप्पा बशीरला लष्कराच्या ताब्यात देऊन, त्यानं काय केलं ते त्याच्यासमोर सांगून, अंधार पडायच्या आत परत आला. जेवला नाही. पडला तो पडलाच.

दुसऱ्या दिवशी त्याला जाग येण्याआधी कडी वाजली. शिवराज. मी अंगणात होते. दानप्पा डोळे चोळत, कपाळाला फडकं बांधलेला, बाहेर आला. "बोल, शिवराज."

 शिवराज म्हणाला, "भावाला वर काढायचाय. उतरायला कुणी तयार न्हाई. आन् मला... मला बघवंना."

"तू बघू नको," दानप्पा म्हणाला. "मी बघतो. तू दोर धर."

विहीर खोल, झुडपांनी भरलेली, आत नाग असल्याची बोलवा. कमरेला दोर बांधून तो उतरला. वर दोर धरायला शिवराज, मल्लू आणि काल वेशीत काठ्या घेऊन उभे असलेले चारचौघे. दानप्पा खालून टोपली भरायचा, हे ओढायचे. दगड, दगड आणि दगड. दुपार कलली तेव्हा खालून आवाज आला, "माझं धोतर टाका." सुंदराक्कानं घरून धुतलेलं धोतर आणून खाली सोडलं.

त्यात बांधून त्यानं संगप्पाला वर आणला, छातीशी धरून, लेकरू आणावं तसा. बांधलं होतं असं की कुठून काही दिसू नये. शिवराजच्या हातात देताना एवढंच म्हणाला, "सगळा हाय. काही ऱ्हायलं न्हाई." शिवराजनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. पाटलाच्या पोरानं मांगवाड्यातल्या माणसाच्या पायावर डोकं ठेवलेलं सगळ्या गावानं बघितलं, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. मग सगळे पाटलांच्या शेताकडे निघाले, मातीला.

विहिरीपाशी आम्ही तिघंच उरलो. दानप्पा काठावर बसला होता. हात कोपरापर्यंत मातीनं आणि ओरखड्यांनी भरलेले. सुंदराक्का तांब्यातून त्याच्या हातांवर पाणी घालत होती. पुढच्या आठवड्यात माझी बदली आळंदला झाली आणि दानप्पाला मी नीट बघितलं ते त्या दिवशी शेवटचं.

"सुंदरा," तो म्हणाला, "आज पहाटं मी इचारायचं इसरलो."

"काय?"

"मला कामून ठेवलंय, ते."

तिचा तांब्या थांबला. मानमोडीनं घर नेल्यापासून एकही दिवस त्यानं ते विचारल्यावाचून सोडला नव्हता, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. ती म्हणाली, "मग आता इचारा की. देव काय झोपलाय व्हय?"

दानप्पानं माळापलीकडे बघितलं. शिवराज दोन्ही हातांवर भावाला घेऊन चालला होता, मागं सगळं गाव.

"न्हाई," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

मग तो उठला आणि दोर गुंडाळायला लागला.